पाण्यात चालणारं घड्याळ आणि कोरडा जावई

माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला मनगटी घड्याळ दिलं, आणि पहिली पंगत बसायच्या आत ते माझ्याच हातातून काढून पाण्यात टाकलं.

काशीदजवळच्या त्यांच्या गावात, नारळीच्या वाडीत मांडव घातला होता. सासऱ्यांचा स्वतःचा मचवा होता, म्हणजे माल वाहणारी शिडाची मोठी होडी. नारळ, सुपारी, लाकूड भरून ते मुंबईला जायचे आणि येताना दुकानदारांचा माल आणायचे. जन्म पाण्यावर गेलेला. जावयाला घड्याळ द्यायचं असं त्यांनी कबूल केलं होतं, पण पाणी लागल्यावर बंद पडणारी वस्तू माणसाला कशाला द्यायची, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. मग मुंबईत एका पारशाच्या दुकानात त्यांना काचेच्या पेल्यात, पाण्यात बुडवून ठेवलेलं घड्याळ दिसलं. आतला काटा टिकटिक फिरत होता. सासरे समोरच्या स्टुलावर बसले ते उठेचनात. काटा आता थांबेल, मग थांबेल, म्हणून बघत राहिले. दुकानदारानं त्यांना चहा पाजला, मग दुसऱ्यांदा पाजला. दुकान बंद करायची वेळ झाली तरी काटा चालूच होता, तेव्हा कुठे त्यांनी घड्याळ घेतलं.

तर भर मांडवात त्यांनी पाण्यानं भरलेलं घंगाळ मागवलं आणि सगळ्यांना दिसेल असं ते घड्याळ आत सोडलं. आमच्याकडची, तळा गावाहून आलेली मंडळी एकदम उभी राहिली. माझे वडील भातशेती करणारे, शांत गृहस्थ. तेही पाटावरून उठले आणि व्याह्यांचं काही बिनसलं का, असं त्यांनी मला कानात विचारलं. सासरे मात्र घंगाळाशेजारी उकिडवे बसून दुकानदारानं सांगितलेले नियम घडाघडा म्हणत होते. चावी आट्यांची हाय, ती दिल्यावर फिरवून घट्ट बसवायची, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं. ओल्या हातानं चावीला हात लावायचा न्हाय. खारं पाणी लागलं की गोड्या पाण्यानं धुवायचं आणि मऊ फडक्यानं पुसायचं. ऊन पाणी वर्ज्य, तेल वर्ज्य, साबण वर्ज्य. आणि आतून काचेवर दव दिसलं तर घरी उघडायचं न्हाय, थेट दुकानात आणायचं.

इतका वेळ माझ्या बाजूला मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसलेली मुलगी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग मुंडावळ्या हलल्या, मग तिनं शालूचा पदर तोंडात कोंबला. माझ्या बायकोची माझी पहिली ओळख ती. तोवर मी तिचा आवाजही ऐकला नव्हता.

तळ्याला आमचा संसार सुरू झाला. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. सकाळी मी घड्याळाला चावी द्यायचो, ती चुलीपुढून हात पुसत यायची आणि मी घट्ट बसवलेली चावी पुन्हा दोन बोटांनी चाचपून बघायची. बापाचे सगळे नियम तिलाही पाठ होते. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा तिनं घड्याळापुरता वेगळा ठेवला होता. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरू लागली, तेव्हा ती रोज पट्टा काढून सावलीत वाळवायची. उन्हात वाळवला तर तो तडकेल आणि चुलीजवळ ठेवला तर आखडेल, असं म्हणायची. मी म्हणायचो की माझ्या टोपीची कुणी इतकी काळजी घेत नाही. त्यावर ती म्हणायची, टोपी माझ्या बाबांनी दिलेली नाही.

गावात ज्याला त्याला घड्याळ पाण्यात बघायचं असायचं. चहाच्या दुकानात तर मालकानं त्यासाठी एक पेला वेगळाच काढून ठेवला होता. मी घड्याळ त्यात सोडायचो आणि काटा चालू दिसला की सगळ्या बाकांवरून समाधानाचा हुंकार निघायचा, जणू ते प्रत्येकानं स्वतः घडवलं होतं. मी मात्र दर वेळी ते घाईनं बाहेर काढायचो. कारण पाण्यावर माझा बिलकूल विश्वास नव्हता. ओढा ओलांडताना मी धोतर वर धरून दगड मोजून पाय टाकणारा माणूस. मला पोहता येत नव्हतं. ही गोष्ट लग्न ठरवताना कुणी विचारली नव्हती आणि मी सांगितली नव्हती.

पहिली दिवाळी आली आणि दिवाळसणाला सासरी बोलावणं आलं. आम्ही काशीदला पोचलो तेव्हा सासरे वाटेवरच उभे होते. त्यांनी मला खुशाली विचारली, पण नजर माझ्या मनगटावर होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी अंघोळीला बसलो आणि बघतो तर अंगणात सगळी आळी जमलेली. सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं की आमचा जावई घड्याळ घालून न्हातो.

इथे मोठाच पेच पडला. अभ्यंगस्नान म्हणजे तेल, उटणं आणि कढत पाणी. तिन्ही गोष्टी घड्याळाला वर्ज्य. सासऱ्यांच्या हे आदल्या दिवशी लक्षातच आलं नव्हतं. ते एकदा बंबाकडे बघत, एकदा लोकांकडे. घड्याळ काढून ठेवलं तर बोलावलेल्या लोकांना काय दाखवायचं? घालू दिलं तर नियम मोडतो. सासूबाई बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तोडगा काढला. जावयानं डावा हात वर धरून बसायचं. बाकीच्या अंगावर त्या कढत पाणी घालतील आणि त्या एका हातावर सासऱ्यांनी तांब्यानं गार पाणी ओतायचं.

तसंच झालं. मी पाटावर बसलो, अंगाला तेल-उटणं, डोळ्यांत शिकेकाई, आणि डावा हात शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा वर. उजवीकडून कढत धार, डावीकडून बर्फासारखी गार. गार पाणी मनगटावरून ओघळून सरळ काखेत येत होतं. प्रत्येक तांब्यानंतर सासरे माझं मनगट लोकांपुढे फिरवत आणि काटा चाललेला दाखवत. एक म्हातारा घड्याळाला डोळा लावून बघून गेला. दोन बाया पुन्हा बघायला आल्या. मधेच बायको ओवाळायला आली, पण दाबलेल्या हसण्यानं तिच्या हातातलं ताम्हन असं हललं की निरांजन विझलं. ते पेटवून ती परत आली आणि माझ्या वर धरलेल्या हाताकडे बघून परत विझवलं. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटून ओवाळलं. शिकेकाईनं माझे डोळे झोंबत होते, दातावर दात वाजत होते, आणि तरी इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

लोकांना फराळ वाढताना सासऱ्यांनी जाहीर केलं की ही तर नुसती अंघोळ झाली. पाडव्याच्या सकाळी जावई होडीतून भर समुद्रात उडी घेणार, घड्याळासकट.

मी चकली हातात धरून तसाच बसलो. फराळ आटोपल्यावर बायकोला वाडीत गाठलं आणि सांगितलं की मला पोहता येत नाही. तिला आधी ते खरंच वाटेना. समुद्रकाठची पोर ती, चालायच्या बरोबर पोहायला शिकलेली.

"जन्म तळ्यात, आणि पोहता येत नाही?" ती म्हणाली.

आणि जे हसायला लागली ते नारळीच्या बुंध्याला धरून खालीच बसली. मीही तिच्याशेजारी बसून हसू लागलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले, लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि मला म्हणाली, चला.

वाडीच्या टोकाला रहाटाचं पाणी साठवायचा दगडी हौद होता. पाणी माझ्या छातीइतकं. दुपारी जेवणं होऊन घर पेंगलं होतं. तिनं न सोललेले दोन सुके नारळ सुंभानं एकमेकांना बांधून ते माझ्या पोटाखाली सरकवले. बुडणार नाही, ती म्हणाली, नारळ बुडालेला कुणी पाहिलाय का? मी घड्याळ काढून तिच्या फडक्यात गुंडाळून काठावर ठेवलं. ते तरी वाचू दे, असं मी म्हणालो, तर म्हणे ठेवा, त्याला पोहता येतं, शिकायचं तुम्हाला आहे.

तिचं शिकवणं फार साधं होतं. पाण्याला धरू नका, ते धरता येत नाही. त्याच्यावर निजा. मी निजायचो आणि पाय खाली जायचे. ती हनुवटीखाली हात देऊन मला सरळ करायची. मी पुन्हा निजायचो, नाकात पाणी जायचं, मी शिंकायचो, ती हसायची, तिला हसताना बघून मला हसू यायचं आणि हसलं की माणूस बुडतो, हे मला त्या दिवशी कळलं. लग्नाला सहा महिने झाले होते, पण घरात आजूबाजूला सतत माणसं. भर दुपारी दोघंच, आणि तेही हसत, असं आम्ही पहिल्यांदाच होतो.

आणि नेमक्या तेव्हा सासूबाई सुपाऱ्यांची टोपली घेऊन वाटेवर आल्या. त्यांची लेक कासोटा मारून छातीभर पाण्यात, आणि जावई पोटाखाली नारळ घेऊन तिच्या हातावर आडवा. मी तर तसाच आडवा राहिलो. उभं राहण्याचंही सुचेना. सासूबाईंनी आमच्याकडे बघितलं, टोपली दुसऱ्या कमरेवर घेतली आणि आल्या वाटेनं परत गेल्या. थोड्या वेळानं ओटीवरून त्यांचा आवाज आला. हौदाकडे नाग दिसलाय, तिकडं आज कुणी फिरकू नका, असं त्या सगळ्यांना बजावत होत्या. सासरे काठी घेऊन उठल्याचंही ऐकू आलं. त्यावर सासूबाईंनी त्यांना सणासुदीला नाग मारायचा नसतो म्हणून खाली बसवलं. लक्ष्मीपूजनाच्या दुपारीही त्या नागानं हौद सोडला नाही. त्या दुपारी बायकोनं मला न विचारता नारळ काढून घेतले, आणि मी हौदाच्या या कडेपासून त्या कडेला पोचलो. पोचल्यावर तिनं ते नारळ काठावर फेकून दिले.

पाडव्याच्या सकाळी समुद्र तेलासारखा संथ होता. आम्ही लहान होडीतून लाटांच्या पलीकडे गेलो. किनाऱ्यावर गाव उभं होतं, बायकांच्या घोळक्यात गुडघाभर पाण्यात माझी बायको. होडीत मुरुडहून आलेले दोन पाहुणे होते. त्यांना आट्यांची चावी म्हणजे काय ते कळेना, म्हणून सासऱ्यांनी घड्याळ माझ्याकडून घेतलं, चावी सोडवून दाखवली, फिरवून दाखवली, आणि मग स्वतःच्या हातानं माझ्या मनगटावर बांधलं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी पाणी बघत होतो. हौदाला तळ होता आणि याला नव्हता, एवढंच डोक्यात होतं. मग मी किनाऱ्याकडे बघितलं. बायकोनं हात उंच करून पंजा आडवा केला, निजा म्हणून. मी उडी मारली.

खाली हिरवं होतं आणि कानात घंटा वाजत होत्या. वर आलो, खोकलो आणि पाण्यावर निजलो. पाण्यानं मला धरलं. मी हात मारले, आणखी मारले, होडीला एक फेरी घातली आणि डावा हात वर केला. काटा चालू होता. किनाऱ्यावर आरोळ्या उठल्या. सासऱ्यांना राहवेना. फेटा, सदरा, सगळ्यासकट त्यांनीही माझ्या बाजूला उडी घेतली आणि माझ्या खांद्यावर हात टाकला, त्यामुळे मी पुन्हा बुडालो.

घरी आल्यावर बायको विहिरीवर घड्याळ गोड्या पाण्यानं धूत होती. पुसता पुसता थांबली. पुन्हा पुसलं, पुन्हा बघितलं आणि मला खुणेनं बोलावलं.

"आत दव पडलंय," ती हळू म्हणाली.

काचेच्या आतून धुकं धरलं होतं. कानाला लावलं तर टिकटिक होती, पण तबकडी कार्तिकातल्या सकाळसारखी दिसत होती. चावी बघितली तर ती अर्धवट वर आलेली. होडीत ती सासऱ्यांनी उघडली होती, असं मी तिला सांगितलं, आणि हे त्यांना कळू द्यायचं नाही यावर आमचं न बोलताच एकमत झालं. सकाळपासून त्या माणसाचे पाय जमिनीला लागले नव्हते.

पण घरात घड्याळ आहे म्हटल्यावर लोक वेळ विचारणारच. सणाचा दिवस, येणारा जाणारा प्रत्येकजण विचारत होता. मी बाही मनगटावर ओढून घेतली, आणि कुणी विचारलं की हात छातीशी नेऊन सावल्यांकडे बघून काहीतरी सांगायचो. एकाला अकरा सांगितले, त्यानंतर आलेल्याला चुकून साडेदहा. बायको आतून भांडी वाजवून मला सावध करायची आणि मग स्वतःच हसू दाबत माजघरात पळायची. जेवायच्या वेळी सासरे माझ्या शेजारी बसले. त्यांनी वेळ विचारली नाही. सरळ माझा हात धरला आणि बाही वर केली.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग चावीला बोट लावलं. ती हलली.

"चावी मी उघडली व्हती," ते म्हणाले. "बसवली न्हाय."

त्यांचा हात ताटावर तसाच राहिला. मी म्हणालो की काही बिघडलं नाही, चालू आहे, पण त्यांना ते ऐकूच जाईना. दुकानदारानं पहिला नियम तोच सांगितला व्हता, एवढंच ते म्हणत राहिले. इतका मोठा माणूस पाटावर असा लहान होऊन बसलेला मला बघवेना. तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला आणि सरळ आवाजात सांगितलं की दव दिसलं तर दुकानात न्यायचं, हा पण नियमच आहे. माझा भाऊ मुंबईत माझगावला राहतो, त्या म्हणाल्या. उद्या भाऊबीज. त्याला ओवाळून किती वर्षं झाली. मचवा रिकामाच उभा आहे.

सासऱ्यांनी वर बघितलं, मग दाराबाहेर नारळीच्या झावळ्यांकडे, वारा कुठला आहे ते बघायला. आणि जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे, जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलईच्या वाऱ्यावर आम्ही निघालो. घड्याळ बायकोच्या मांडीवर फडक्यात, जणू आजारी मूल. एरवी मचव्यावर नारळ असायचे, त्या दिवशी आम्ही चौघं, खलाशी आणि फराळाचे डबे. सासूबाई शिडाच्या सावलीत बसून आम्हाला चिवडा देत होत्या. बायकोनं मुंबई पाहिली नव्हती. मामाकडे संध्याकाळी भाऊबीज झाली, आणि तिनं मला इतक्या वेळा विचारलं की दुकान कसं असेल, की मामांना वाटलं आम्ही सोनं घ्यायला आलोय.

दुसऱ्या सकाळी गेलो, तर दुकान पारशाचं म्हणून दिवाळीच्या दिवसांतही उघडं होतं. दुकानदारानं सासऱ्यांना लगेच ओळखलं. त्यांचं स्टूलही तिथंच होतं. त्यानं डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि लवकर आणलंत म्हणून यंत्र वाचलं असं सांगितलं. पुसून, तेल घालून, पाणी अडवणारं आतलं कडं बदलून पुढच्या खेपेला देईन, म्हणाला. मग चावी कुणाच्या हातून उघडी राहिली ते विचारलं. मी तोंड उघडलं, पण सासऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माजा हात," ते म्हणाले.

दुकानदार हसला नाही. स्वतःच्या हातूनही असं झालं होतं, तेही एका बड्या गिऱ्हाइकाच्या घड्याळाबाबत, असं त्यानं सांगितलं, आणि चहा मागवला. या खेपेला चौघांसाठी. चहाबरोबर मस्का लावलेला पाव आला. सासऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सगळे नियम पुन्हा एकदा, पहिल्या नियमावर जास्त जोर देऊन, दुकानातल्या कारकुनांना म्हणून दाखवले. बायको काउंटरवरच्या पेल्यात बुडालेल्या दुसऱ्या एका घड्याळाकडे वाकून बघत होती, आणि तिच्या श्वासानं पेल्यावर वाफ धरत होती.

परतताना दुपारी वारा पडला. किनारा लांब निळा दिसत होता, शीड लोंबत होतं, मचवा जागच्या जागी डुलत होता. सासरे फेटा डोळ्यांवर ओढून झोपले. किती वाजले, केव्हा पोचू, कुणाला पत्ता नव्हता आणि कुणी विचारतही नव्हतं. मी सदरा काढला आणि कुणी सांगितलं नसताना समुद्रात उडी मारली. वर येऊन बघतो तर बायको मचव्याच्या काठाशी उभी राहून कासोटा मारत होती. तिनं आईकडे बघितलं. सासूबाईंनी तोंड पलीकडे वळवलं. मग माझ्या बाजूला पाणी फुटलं आणि ती हसत वर आली.

आवाजानं सासरे जागे झाले आणि पोरं कुठे आहेत म्हणून विचारू लागले. सासूबाईंनी त्यांना सांगितलं की पोरं पाण्यात आहेत, तुम्ही निजा.